कोल्हापूर सोडून बंगळूरला जावं का?

गंगावेस_२६
नमस्कार मंडळी. वाचक जुना आहे, धागा पहिलाच काढतोय, सांभाळून घ्या.

वय २६. आधी मेकॅनिकल डिप्लोमा, मग डिग्री. चार वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेथड्सला आहे. म्हणजे पार्टिंग (साच्याची फोड) कुठं घ्यायचं, गार होताना कास्टिंगला जादा रस पुरवणारा रायझर कुठं द्यायचा, गेटिंग (रस आत नेणाऱ्या वाटा) कसं काढायचं हे ठरवायचं, सिम्युलेशन लावून बघायचं आणि कास्टिंग बिघडलं की शिव्या खायच्या. हातात ३२ हजार पडतात. घर स्वतःचं, जेवण आईच्या हातचं, गाडीवरनं कंपनी वीस मिनिटं.

आता बंगळूरला पीण्या या औद्योगिक भागातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीची ऑफर आलीय. सीटीसी (वर्षाचा कंपनीला पडणारा एकूण खर्च) ८.४० लाख. काम फक्त सिम्युलेशनचं. पंधरा दिवसांत कळवायचंय.

वडील म्हणतात "तुझं तू बघ" (म्हणजे जाऊ नको). आई काहीच म्हणत नाही, पण चार दिवस झाले रोज माझ्या आवडीची भाजी होतीय. आज्जी तेवढी खूश. तिचं माहेर संकेश्वरचं, कानडी फाडफाड बोलते. माझं कानडी 'ऊट आयता'वर संपतं.

जावं का? ज्यांनी असं गाव सोडलंय त्यांनी सांगा. न सोडलेल्यांनीही सांगा.

झणझणीत_रस्सा
भावा, इकडं ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं आणि तू चाललास गाव सोडून. न्यायाधीश येतायत, इंजिनिअर जातायत. नाद खुळा.

मुक्ता७
जा. सव्विसाव्या वर्षी नाही जायचं तर कधी?

टवाळ
सत्ताविसाव्या.

पै_पैचा_हिशेब
भावनेत शिरण्याआधी आकडे बघू. ८.४० म्हणजे महिना ७० हजार असं डोक्यात असेल तर आजच काढून टाका.

ऑफर लेटरमध्ये व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) किती आहे ते बघा. १० टक्के धरलं तर ८४ हजार बाजूला गेले, ते मिळतील तेव्हा मिळतील. राहिले ७.५६. बेसिक सीटीसीच्या निम्मं, म्हणजे महिना ३५ हजार धरू. कंपनीचा पीएफचा वाटा सीटीसीतच धरलेला असतो, १२ टक्क्यांनी महिना ४,२००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे १,७००, तीही त्यातच, आणि पाच वर्षं टिकलात तर दिसणार. मग उरला महिना ५७ हजारांच्या आसपास. त्यातून तुमचा पीएफ ४,२०० आणि प्रोफेशन टॅक्स २०० वजा. नव्या कररचनेत या पगारावर आयकर शून्य. हातात साडेबावन्न हजार.

आज ३२ मिळतात. फरक झाला वीस-साडेवीस हजारांचा. भाडं, जेवण, जाणं-येणं, महिन्याला घरी एक चक्कर: खर्चही तेवढाच वाढणार. म्हणजे शिल्लक आहे तेवढीच.

एक मुद्दा मात्र नवीन कंपनीच्या बाजूने. सध्याचे मालक पीएफ १५ हजारांवरच कापत असणार, म्हणजे १,८००. तिथे दोन्ही वाटे मिळून महिना ८,४०० जमतील. दिसत नाहीत, पण जमतात.

गंगावेस_२६
@पै_पैचा_हिशेब, लेटर काढून बघितलं. व्हेरिएबल १२ टक्के आहे. आणि हो, पीएफ १,८००च कापतात. तुम्हाला कसं कळलं?

पै_पैचा_हिशेब
वीस वर्षं पगारपत्रकंच करतोय हो.

शिरोलीकर
मी शिरोलीतच लहान फौंड्री चालवतो. नाव सांगत नाही, धागाकर्त्याची कंपनी माझी नाही एवढं सांगतो.

कोल्हापुरात इंजिनिअरिंगचा पाया घालणाऱ्या म्हादबा मेस्त्रींच्या गावात राहून पोरं विचारतात बंगळूरला जाऊ का. आम्ही डिप्लोमाचं पोरगं घ्यायचं, त्याला वाळूचा ओलावा हाताच्या मुठीत कळायला लागेपर्यंत दोन वर्षं सांभाळायचं, त्याच्या चुकांची कास्टिंगं पुन्हा भट्टीत घालायची. आणि तयार झालं की ते एसीत बसायला जाणार. जा बाबा. पण तिथं स्क्रीनवर लाल-निळे रंग बघून फौंड्रीमन होत नाही एवढं लक्षात ठेव.

अनघा_यशवंतपूर
@शिरोलीकर, तयार झालेल्या पोराला ३२ हजार देता, हेही लिहा ना.

शिरोलीकर
मी ३८ देतो.

टवाळ
धागाकर्त्या, घे, घरबसल्या सहा हजारांची वाढ. धागा बंद करूया.

अनघा_यशवंतपूर
मी मूळची नागपूरची, बंगळूरला नववं वर्ष. थोडं कामाचं लिहिते.

पीण्या आहे हे तुझं नशीब. बंगळूरचं नाव काढलं की लोक सिल्क बोर्ड आणि आउटर रिंग रोडच्या ट्रॅफिकच्या कहाण्या सांगतात, पण तुझ्या वाट्याला तो भाग येणारच नाही. पीण्या शहराच्या वायव्येला, तुमकूर रोडवर. कोल्हापूरची बस हायवे ४८ ने येते ती तिथूनच शहरात शिरते, म्हणजे सकाळी डोळे चोळत तू ऑफिसच्या दारातच उतरशील. मेट्रोची ग्रीन लाइन वरून जाते. दासरहळ्ळी, जालहळ्ळी, यशवंतपूर यांपैकी कुठेही राहा. "व्हाइटफिल्डला मित्राचा फ्लॅट आहे, तिथे राहतो" असं मात्र करू नकोस. शहराची दोन टोकं आहेत ती. मेट्रो आहे, तरी रोजचे तीन-साडेतीन तास जातील.

दुसरं, डिपॉझिट. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं घेतात. इथे पूर्वी सरसकट दहा महिन्यांचं घ्यायचे. आता पाच-सहावर येतात, पण बोलणी करावी लागतात. सोडताना पेंटिंगच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापून घेतात, भिंतीला तू बोटही लावलेलं नसलं तरी. माझ्या पहिल्या मालकिणीने खिळ्याच्या एका भोकाचे वेगळे पैसे लावले होते. खिळा तिचाच होता.

तिसरं, पाणी. २०२४ च्या मार्चमध्ये इथे बोअर आटले तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये दिवसाआड अर्धा तास पाणी यायचं. घर बघायला गेलास की बेडरूम नंतर बघ, आधी विचार: कावेरी का बोअर का टँकर?

चिकूचा_बाबा
@अनघा, खिळा तिचाच होता!!! हसून हसून पुरेवाट.

सीमाभागी
शीर्षकात बंगळूर लिहिलंत त्याबद्दल आभार. बंगलोर, बेंगलोर, बेंगळुरू, लोक काहीही लिहितात.

पेन्शनर_मिरजकर
आम्ही बँगलोर म्हणायचो. १९८४ साली मिरजेहून मीटरगेजने गेलो होतो, अंगावर कोळशाची भुकटी घेऊन उतरलो. हवा अशी की मे महिन्यात पांघरूण लागलं. हजार मीटरला थोडी कमी उंची आहे त्या गावाची, पाचगणीच्या खालोखाल म्हणा ना. आता राणी चेन्नम्मा रात्रभरात नेते. तरुणांनी जावे.

सीमाभागी
राणी चेन्नम्मा म्हणजे कित्तूरची, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातली. आणि बेळगावचा विषय निघालाच आहे तर

संपादक
निघालेला नाही. सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, तिथे लिहावे. इथले यापुढचे त्या विषयावरचे प्रतिसाद उडवले जातील.

टवाळ
पॉपकॉर्न वाया गेलं.

हिंजवडी_ते_हातकणंगले
माझी गोष्ट सांगतो. फार कुणाला सांगत नाही.

२०१६ ला पुण्याला आलो. अंतर २३०-२४० किलोमीटर, त्यामुळे कुणाला वाटलंच नाही की मी गाव सोडलंय. मलाही नाही. शुक्रवारी संध्याकाळी बॅग घेऊनच ऑफिसला जायचो. तिथून थेट बस, रात्री बारा-एकला घर. सोमवारी पहाटे तीनला आई उठून डबा करायची, मी चारची गाडी धरायचो. सलग पाच वर्षं. पुण्यात रूमवर एक गादी, एक बादली आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची. पडदा लावला नाही, कारण "इथं काय कायम राहायचंय".

पाच वर्षांनी कळलं की पुण्यात माझा एक मित्र नाही. आणि गावातले मित्र मला पाहुण्यासारखं वागवायला लागले होते. शनिवारी कट्ट्यावर गेलो की "कधी आलास, कधी जाणार" एवढंच विचारायचे. तालमीच्या वर्गणीतून माझं नाव कधी गेलं तेही कळलं नाही. विचारल्यावर म्हणाले, "तू काय, पुण्याचा."

तेव्हा जायचं तर जा, पण पहिल्या महिन्यात पडदा लाव. बंगळूर सहाशे किलोमीटर आहे, दर आठवड्याला येता येणार नाही. तुझ्यासाठी ते बरंच आहे.

मुक्ता७
@हिंजवडी_ते_हातकणंगले, पडद्याचं पटलं. मी वर घाईत 'जा' लिहून मोकळी झाले होते.

झणझणीत_रस्सा
मी न सोडलेला. मलाही तीन वर्षांपूर्वी चेन्नईची ऑफर होती, नाही गेलो. कारण ऐकाल तर हसाल, फुटबॉलचा सीझन सुरू होता. शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि प्रॅक्टिस हे संघ भिडणार म्हटल्यावर चेन्नईत बसून मोबाईलवर बघू काय? आज पगार कमी आहे, हे खरं. पण रात्री दहाला गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून फेसासकट ग्लास हातात येतो, दिवसभराचं सगळं उतरतं. ह्याचा हिशेब त्या पीएफवाल्या दादांनी मांडून दाखवावा.

पै_पैचा_हिशेब
ग्लासाचे किती घेतात सांगा, मांडतो.

सौ_कागलकर
मुलाच्या आईचं कुणी विचारलंच नाही. माझा मुलगा हैदराबादला आहे. जायच्या आधी महिनाभर मीही आवडीच्या भाज्या करत होते. त्याला वाटलं थांबवायला करतेय. अरे, तिथे मिळणार नाहीत म्हणून करत होते. विचार आईला एकदा सरळ.

आणि लग्नाचं बघायचं असेल तर मुलींकडचे आता "पुण्यात फ्लॅट आहे का" असं विचारतात. बंगळूर म्हटलं तर काय म्हणतील ठाऊक नाही.

चिकूचा_बाबा
"पुण्यात फ्लॅट का नाही" असं म्हणतील.

कास्टिंग_कापणारा
मी कोइम्बतूरला फौंड्रीतच आहे, मूळ इचलकरंजी. सगळे शहराबद्दल बोलतायत, कामाबद्दल कुणी विचारत नाहीये. धागाकर्त्या, सध्या तू रायझर बदललास की चार दिवसांत ते कास्टिंग करवतीखाली घालून आतली पोकळी गेली का ते स्वतः बघतोस. तिथे बघायला मिळणार का? नाही मिळालं तर तुझं सिम्युलेशन बरोबर आलं का चुकलं हे तुला सांगणार कोण? कस्टमर फक्त चुकलं की फोन करतो. शिरोलीकर रागाने बोलले, पण लाल-निळ्या रंगांचं अगदी चूक नाही बोलले.

दुसऱ्या बाजूनेही सांगतो. एका फौंड्रीत चार वर्षांत किती प्रकारचे पार्ट बघितलेस? दहा-बारा घराणी असतील. त्या ऑफिसात वर्षात तेवढी येतील. ऑफर परत करण्याआधी किंवा घेण्याआधी एकदा जाऊन त्यांना विचार, की सकाळी अकरा वाजता माझ्या टेबलावर काय असेल?

गंगावेस_२६
@कास्टिंग_कापणारा, दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. गेल्या महिन्यात एक ब्रॅकेट कापलं. सॉफ्टवेअरनं जिथं श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) दाखवलं होतं तिथंच, बोराच्या बी एवढी खरखरीत पोकळी. मी फोटो काढत होतो. आमचे मोल्डर मामा, शिक्षण सातवी, मागनं म्हणाले, "मी पॅटर्न बघूनच बोललो होतो, इथं लोखंडाला तहान लागणार." खरंच बोलले होते. मी ऐकलं नव्हतं.

सुट्टी टाकतो आणि जाऊन येतो.

शिरोलीकर
मामांना पगार किती देतात तुमच्याकडं?

टवाळ
काका, सगळी माणसं याच धाग्यावरनं भरणार काय?

अनघा_यशवंतपूर
जाणारच आहेस तर यशवंतपूरला कुठलीही 'खानावळी' गाठ. हो, कानडीतही पाटीवर खानावळीच असतं. उत्तर कर्नाटकवाले चालवतात. ज्वारीची भाकरी, कडक आणि मऊ दोन्ही, एण्णेगाई म्हणजे आपली भरली वांगी, वर शेंगाचटणी. मी विदर्भातली असून मला गहिवरून येतं, तू तर कोल्हापूरचा.

आणि भाषेचं. आल्या आल्या हिंदी सुरू करू नकोस. 'स्वल्प स्वल्प बरुत्ते' एवढं म्हण, समोरचा माणूस विरघळतो. तुमच्या तुपाला ते तुप्प म्हणतात, अण्णा-अक्का तर दोन्हीकडे आहेतच. कोल्हापूरच्या माणसाला कानडी यायला सहा महिने पुरतात.

सीमाभागी
यावर लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, पण संपादकांचा मान राखतो.

गंगावेस_२६
जाऊन आलो. जरा लांब लिहितो.

बुधवारी रात्री निघालो, सकाळी जालहळ्ळी क्रॉसला उतरलो. अनघाताई म्हणाल्या तसं, खरंच चालत ऑफिस. पीण्या बघून परका वाटलोच नाही. तेच शेड, तेच कुलंटच्या वासाचं पाणी गटारातनं, तीच टेम्पोची गर्दी. आपलं उद्यमनगर पन्नास पटीनं वाढवून ठेवलंय असं वाटलं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, चौदा माणसं, एसी. मी सरळ विचारलं, सकाळी अकराला काय असतं. तिथला लीड बेळगावकडचा, मराठी समजतो, हसला आणि म्हणाला बस शेजारी. दीड तास बसलो. त्याच्या स्क्रीनवर एक व्हॉल्व्ह बॉडी होती, एसजी आयर्न (बिडाचा एक प्रकार), दोन फ्लँज. म्हटलं हे ओतणार कुठं? म्हणाला, "शिरोली, कोल्हापूर."

म्हणजे मी सहाशे किलोमीटर जाऊन शिरोलीचंच कास्टिंग बघत होतो. मला हसू आवरेना. मग त्याला विचारलं, ट्रायलला तुम्ही जाता का? तो म्हणाला कस्टमरनं बोलावलं तर. कुणी स्वतःहून जातच नाही, सगळ्यांना उकाडा नको असतो. मी म्हटलं मला पाठवा. बेळगाव, कोइम्बतूर, राजकोट, कुठंही. त्यानं वरच्यांना विचारलं आणि कालच्या मेलमध्ये लेखी आलंय: महिन्यात सहा दिवस फौंड्री व्हिजिट, प्रवासखर्च कंपनीचा.

पगारात एक रुपया वाढवला नाही. व्हेरिएबल १२ चं १० मात्र केलं, पै_पैचा_हिशेब यांची कृपा.

आईला विचारलं. कागलकर काकू, तुम्ही म्हणालात तेच निघालं. "तिथं कोण करून घालणार तुला दोडक्याचं" म्हणाली आणि आत गेली. वडील अजून "तुझं तू बघ"वरच आहेत, पण काल पेठेतनं ट्रॉली बॅग घेऊन आले.

मालकांना सांगितलं. आधी गप्प बसले, मग म्हणाले दोन हजार वाढवतो. मला रागही आला आणि वाईटही वाटलं.

जानेवारीपासून जातोय. पहिले तीन महिने पीजी, फ्लॅट नंतर.

आता एकच प्रश्न. माझी एमएच ०९ ची बाईक नेऊ का? तिकडं पोलीस अडवतात म्हणे.

झणझणीत_रस्सा
जा भावा. मॅचला ये पण.

हिंजवडी_ते_हातकणंगले
पीजीला पडदा असतो का बघ.

पै_पैचा_हिशेब
बाईक ने. कायद्याने दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपर्यंत जुन्याच नंबरवर चालते. त्यापुढे राहणार असशील तर कोल्हापूर आरटीओची एनओसी, तिकडे नव्याने नोंदणी आणि कर्नाटकाचा रोड टॅक्स. इथला उरलेला टॅक्स परत मागता येतो, चपला झिजवायची तयारी असेल तर. रेल्वेने किंवा ट्रान्सपोर्टने पाठवलीस तर पार्सलची पावती जपून ठेव. गाडी राज्यात कधी आली हे दाखवायला तोच कागद कामी येतो. बीएच सिरीज (सगळ्या राज्यांत चालणारा नंबर) हवी असेल तर कंपनीची चार राज्यांत ऑफिसं लागतात, तुझ्या चौदा माणसांच्या ऑफिसात ते जमेलसं वाटत नाही.

अनघा_यशवंतपूर
आलास की कळव. खानावळी माझ्याकडून. येताना शेंगदाणे नको, कांदा-लसूण मसाला आण, किलोभर.

शिरोलीकर
ती व्हॉल्व्ह बॉडी, दोन फ्लँजची, साधारण १८ किलोची का? रायझर कुठल्या बाजूला दिलाय तुझ्या लोकांनी? आमच्याकडं शंभरातली चौदा रिजेक्ट जातायत.

गंगावेस_२६
काका, अजून जॉइन झालो नाही.

शिरोलीकर
जानेवारीत पहिली व्हिजिट शिरोलीलाच लाव. मामांनाही घेऊन ये.